बॉल पायथन खात नाही? उंदराआधी पेटी बघा

चिमट्यात धरलेला उंदीर समोर आला की साप मान आत ओढतो, वेटोळं आवळतो आणि डोकं मधोमध खुपसून घट्ट बसून राहतो. बॉल पायथनला त्याचं नाव याच सवयीवरून पडलं आहे: घाबरला की चेंडू. बहुतेक जण इथून पुढे उंदीर बदलत राहतात. लहान आणून बघतात, काळा आणतात, जिवंत आणतात, रोज एक नवा प्रयोग. खोट मात्र दहातल्या आठ वेळा उंदरात नसून पेटीत असते किंवा पेटीत रोज डोकावणाऱ्या माणसात.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडचा. दिवसभर उंदरांच्या बिळात किंवा वारुळात पडून राहणं आणि रात्री बाहेर पडणं हा त्याचा धर्म. अंगाला चहूबाजूंनी माती टेकलेली असली की तो निर्धास्त असतो. मोकळ्या काचेच्या पेटीत, ट्यूबलाइटखाली, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलेला बॉल पायथन स्वतःला भक्ष्य समजतो, आणि भक्ष्य कधी जेवायला बसत नाही.

आधी कायद्याचं थोडक्यात, कारण मराठवाड्यात याची गल्लत फार होते. नाग, धामण, दिवड, तस्कर, कवड्या, मांडूळ, डुरक्या घोणस, आपला अजगर, यातलं काहीही घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि सापडलेला साप "चार दिवस ठेवून बघू, खातो का" म्हणून बरणीत ठेवणं हासुद्धा गुन्हाच. तसा साप घरात निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बॉल पायथन परदेशी असल्यामुळे पाळता येतो, पण तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहे. त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय साप घेऊ नका. पुढचं सगळं बॉल पायथनला धरून आहे. कॉर्न स्नेक या दुसऱ्या परदेशी पाळीव सापाला यातलं बरंच लागू पडतं, पण त्याला कमी ऊब लागते आणि त्याच्या ओठांवर उष्णता हेरणारे खड्डे नसतात.

आणि हो, दूध नको. नागपंचमीची सवय घराघरात आहे म्हणून सांगायचं. साप मांसाहारी आहे. तहानेनं व्याकूळ झाला तर समोर येईल ते द्रव तो तोंडाला लावतो, याचा अर्थ त्याला दूध पचतं असा नाही. अंडं फोडून बशीत, चिकनचे तुकडे, मटणाचा खिमा हेही नको. सापाला हाडं, केस, आतडी, काळीज असलेला अख्खा प्राणी लागतो, त्यातूनच त्याला कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मिळतात.

खरंच उपास आहे का, की वेळ चुकली?

न खाण्याची काही कारणं अगदी साधी असतात आणि त्यांना उपाय म्हणजे गप्प बसणं.

नवा साप घरी आणला की पहिले ७ ते १० दिवस खायला द्यायचं नाही आणि हातातही घ्यायचं नाही. पाणी बदलण्यापुरतंच झाकण उघडा. कुरियरच्या डब्यातून किंवा पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडीत हादरत आलेल्या सापाला त्याच संध्याकाळी उंदीर दाखवला तर तो नकार देतो. पुढच्या वेळी तोच वास आला की पुन्हा दचकतो. पहिला नकार तुम्ही स्वतःच तयार केलेला असतो.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी होतात, पोट गुलाबी दिसतं, कातडी मळकट होते. त्या ७ ते १४ दिवसांत बरेच साप तोंड लावत नाहीत. कात अख्खी निघाली की दोन दिवसांनी देऊन बघा. कात तुकड्यातुकड्यांत निघाली तर हवा कोरडी आहे, हे लक्षात घ्या. डोळ्यावरची काचेसारखी जुनी कात अडकून राहिली आहे का तेही तपासा. ती नखानं काढू नका.

प्रौढ साप, त्यातही नर, थंडीत उपास धरतात. आपल्याकडे साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत लांबतो. अंगानं भरलेला मोठा साप दोन-तीन महिने न खाता व्यवस्थित राहतो. ८०० ते १००० ग्रॅमच्या आसपास वयात येणारे सापही अचानक थांबतात. यात आजार नसतो. हे ठरवायचं कसं? वजनावरून. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, एक झाकणाचा डबा त्यावर ठेवून शून्य करा, साप आत सोडा, आकडा वहीत लिहा. दर १४ दिवसांनी एकदा, रोज नाही. १३५० ग्रॅमचा साप १३०० वर आला तर वही बंद करून झोपा. १२१५ वर आला म्हणजे १० टक्के गेले, आता डॉक्टर. पिल्लाला ही सूट नाही. ५०-८० ग्रॅमच्या पिल्लानं अंड्यातून निघून पहिली कात टाकली आणि त्यानंतर चार-पाच आठवडे काहीच खाल्लं नाही, तर काळजी करायची वेळ झाली.

पेटी: इथेच दिवस घालवा

उष्णता. पेटीच्या एका टोकाला तळ ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २५ ते २७. साप स्वतःच्या अंगाची ऊब स्वतः तयार करत नाही, त्यामुळे अंग गार असेल तर त्याला पचणार नाही हे त्याला तुमच्याआधी कळतं आणि तो खातच नाही. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, तळाच्या एक-तृतीयांश भागाखाली, पेटीच्या बाहेरून. तिला थर्मोस्टॅट हवाच. कोंबड्यांच्या इन्क्युबेटरचं सामान विकणाऱ्या दुकानात जो प्रोब (तापमान ओळखणारी तार) असलेला डिजिटल थर्मोस्टॅट मिळतो, तो चालतो. ३२ अंश आणि फरक अर्धा अंश असं लावा.

त्या प्रोबकडे नीट बघा, कारण भाजलेल्या पोटाचे बहुतेक साप याच एका चुकीचे असतात. प्रोब आत कोकोपीटवर मोकळा ठेवला की साप सरपटताना तो सरकतो, गार कोपऱ्यात जाऊन पडतो आणि थर्मोस्टॅटला वाटतं, पेटी अजून गारच आहे. मॅट तापत राहते. काचेला हात लावला तर चटका बसेल एवढी तापते, आणि साप हलत नाही, कारण उब खालून लागते आहे हे त्याला वेळेवर उमगत नाही. प्रोब मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मधोमध, बाहेरच्या बाजूनं, उष्णता सहन करणाऱ्या टेपनं चिकटवा. मग आतल्या जमिनीचं तापमान वेगळ्या थर्मामीटरनं मोजा आणि जितका फरक येईल तितकं सेटिंग वरखाली करा. कोरोनात घेतलेली कपाळावर धरायची गन बहुतेक घरांत पडून आहे. तिच्यावर वस्तूचं तापमान मोजण्याची सोय असेल तर ती इथे आणि पुढे उंदरालाही उपयोगी पडेल.

आता मराठवाड्याची गंमत अशी, की पुस्तकं आणि व्हिडिओ सगळे ऊब कशी द्यायची ते सांगतात, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात प्रश्न गारव्याचा असतो. मे महिन्यात बाहेर ४२-४४, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पेटीतला गार कोपराच ३५ वर गेला तर साप पाण्याच्या भांड्यात जाऊन पडतो, उंदराकडे बघतही नाही आणि तसाच ठेवला तर मरतो. खोली ३२ च्या वर गेली की हीट मॅट बंद झालेली असली पाहिजे. थर्मोस्टॅट ते करतोच, पण पेटी गार तो करू शकत नाही. पेटी पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवूच नका. माळवदाचं जुनं घर असेल तर मधली खोली सापाला लाख मोलाची: जाड भिंती, वर मातीचा थर, दिवसभरात दोन-तीन अंशांपलीकडे फरक नाही. स्लॅबच्या घरात खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली घ्या आणि पेटी जमिनीलगत ठेवा, माडीवर नको. कूलर खोलीत लावा, पण झोत थेट पेटीवर नको. कूलरमुळे हवाही ओलसर होते, हा दुहेरी फायदा.

थंडीत उलट. परभणी-नांदेडकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि त्यात लाईट गेली की पेटी दोन तासांत गार. हीट मॅट १५-२० वॉटची असते, घरच्या इन्व्हर्टरवर ती सहज चालते. पंखा बंद ठेवा, मॅट चालू ठेवा. इन्व्हर्टर नसेल तर दोन प्लास्टिकच्या बाटल्यांत कडकडीत नव्हे, हाताला सोसेल इतपत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून लावा आणि वरून गोधडी टाका. हवेची भोकं झाकू नका. जेवणानंतरच्या दोन रात्री हे जास्त सांभाळा. खाऊन पेटी गार झाली की उंदीर पोटात कुजतो आणि साप तो ओकतो.

ओलावा ५५ ते ६५ टक्के हवा. एप्रिल-मेच्या दुपारी इथली हवा एवढी कोरडी असते की भिजवलेलं कोकोपीट संध्याकाळपर्यंत भुगा होतं. कोकोपीट नर्सरीत विटेसारखं मिळतं. भिजवून मूठभर घट्ट दाबा: गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. तीन-चार इंचांचा थर द्या आणि वरून फवारा मारत बसण्याऐवजी कोपऱ्यात पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. पोटाखाली सतत चिखल असला की खवल्यांना फोड येतात. जाळीचं झाकण असेल तर दोन-तृतीयांश भाग प्लास्टिकनं झाका, अर्धा ओलावा तिथूनच उडतो.

आता लपण. पेटीत एकसारख्या दोन जागा हव्यात, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यात निवड करावी लागते आणि तो जवळजवळ नेहमी सुरक्षितता निवडतो. मग गार कोपऱ्यात लपून राहतो आणि अंग गार म्हणून खात नाही. मालकाला वाटतं पेटी तर गरम आहे! लपण्याची जागा प्रशस्त नको. साप आत गोल बसला की तिन्ही बाजूंनी अंग टेकलं पाहिजे आणि पाठ छताला लागली पाहिजे. कुंभाराकडची मातीची कुंडी पालथी घालून कडेला तोंड पाडलं की झालं. कड पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. कुंडीच्या बुडाचं पाणी जायचं भोक मात्र न विसरता बुजवा. साप त्यातून डोकं घालतो, खवले मागे फिरत नाहीत, मान अडकते, आणि मग कुंडी हातोडीनं फोडायची वेळ येते. सिमेंटचा गोळा किंवा एमसील पुरेसं आहे.

काचेच्या पेटीला तीन बाजूंनी बाहेरून काळा कागद लावा. चौथ्या बाजूला टॉवेल सोडा. मोकळी जागा सुकी पानं, झाडाची साल, प्लास्टिकच्या वेली यांनी भरा. पिल्लाला तर पेटी मोठी असणं हीच अडचण: ८० ग्रॅमच्या पिल्लाला १०-१५ लिटरचा भोकं पाडलेला प्लास्टिकचा टब पुरतो. चार फुटी पेटी नंतर.

हादऱ्यांकडे कुणी लक्ष देत नाही. सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीतून येणारा हादरा तो जबड्यातून टिपतो. वॉशिंग मशीन, शेजारची पिठाची गिरणी, गणपतीतला डीजे, यांच्या भिंतीला पेटी लागून असेल तर ती हलवा. डास पळवायची लिक्विड मशीन, कॉइल आणि मुंग्यांचा खडू त्या खोलीत नको.

एवढं केल्यावर सात दिवस काहीही करू नका. साप खात नाही तेव्हा हातात घेणं बंद.

काय द्यायचं, किती द्यायचं

घरातला, शेतातला, पिंजऱ्यात पकडलेला उंदीर कधीच नाही. आपल्याकडे शेतात झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमॅडिओलोन सर्रास टाकतात. विषानं पेंगलेला उंदीरच पिंजऱ्यात सहज सापडतो. शिवाय जंत वेगळेच. पाळलेले पांढरे उंदीरच वापरा, लहान जातीचे माऊस किंवा मोठ्या जातीचे रॅट.

आकार वजनावरून ठरवा. वर्षाच्या आतल्या सापाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, दर ७ ते १० दिवसांनी. मोठ्याला ५ ते ७ टक्के, दोन ते चार आठवड्यांनी. हे खाणाऱ्या सापाचं गणित. बुजऱ्या सापाला यापेक्षा लहान द्या. ४२० ग्रॅमच्या सापाला नेहमी ४० ग्रॅमचा रॅट चालला असता, तर आता २०-२५ ग्रॅमचा माऊस दाखवा. मोठा उंदीर त्याला भक्ष्य वाटत नाही, भांडण वाटतं.

जिवंत द्यायचा का? डोळे न उघडलेलं पिल्लू काही इजा करत नाही. पण दात आलेला उंदीर न खाणाऱ्या सापाबरोबर रात्रभर सोडला, तर तो सापाची पाठ मणक्यापर्यंत कुरतडतो आणि बुजरा साप प्रतिकारही करत नाही. जिवंतचीच सवय असलेल्या सापाला आधी नुकताच मारलेला, अजून ऊबदार असलेला उंदीर द्या. तीन-चार वेळा तो घेतला की मग फ्रीजरमधला वितळवून.

फ्रीजरमधल्या उंदरांची इथे अडचण म्हणजे वाहतूक. उन्हाळ्यात पार्सल लातूरला पोहोचेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. हातात घेतल्यावर पोट मऊ, हिरवट असेल किंवा वास येत असेल तर पुन्हा गोठवू नका, फेका. एकदा वितळलेला पुन्हा गोठवलेला उंदीर पोटात जाऊन फुगतो. हिवाळ्यात सहा महिन्यांचा साठा करून ठेवणं शहाणपणाचं. ठेवायचा तो वेगळ्या घट्ट डब्यात, आणि घरच्यांना विचारून. ज्या घरात अंड्यालाही वेगळा कप्पा आहे तिथे हा डबा आइस्क्रीमशेजारी सापडला तर सापासकट तुम्हालाच बाहेर काढतील. जुना छोटा फ्रीज वेगळा घेता आला तर उत्तम.

वितळवणं: निम्मी लढाई इथे

आदल्या रात्री उंदीर झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, निदान ८-१० तास. संध्याकाळी पिशवी कोमट पाण्यात अर्धा तास. पोट दोन बोटांत दाबून बघा, आत गार गाठ लागली तर अजून वेळ द्या. मायक्रोवेव्ह नाही, उकळतं पाणी नाही: उंदीर बाहेरून शिजतो, आतून बर्फ राहतो आणि चिमट्यात फुटतो, त्याची घाण काढताना रात्र जाते.

देण्याच्या अगदी आधी ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पिशवीसकट दोन मिनिटं बुडवा, किंवा हेअर ड्रायर डोक्यावर धरा. उंदराचं डोकं ३८ ते ४० अंश हवं, बाकी अंग थोडं कमी चालेल. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता टिपणारे खड्डे असतात आणि अंधारात तो त्यांनीच नेम धरतो. डोकं गार असेल तर त्याच्या लेखी समोर दगड लोंबकळतो आहे. उंदीर कोरडाही असला पाहिजे. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल तर उंदीर वेगळा उठून दिसत नाही. म्हणून उन्हाळ्यात रात्री अकरानंतर, कूलर चालून खोली गार झाल्यावर द्या.

देताना

रात्री, दिवा मंद, खोलीत एकटे तुम्ही. वितळवताना खोलीत पसरलेला वास सापाला आधीच जागं करतो, त्यामुळे उंदीर त्याच खोलीत वीस मिनिटं ठेवला तर बरं. एक फुटाचा चिमटा घ्या. हाताला उंदराचा वास असताना हात पेटीत घालू नका.

उंदीर शेपटीच्या बुडाशी धरा, डोकं पुढे. लपणाच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून जमिनीलगत हळू चालवा, थांबा, परत थोडं. थेट तोंडावर ढोसू नका, कुठलंही भक्ष्य स्वतःहून शिकाऱ्याच्या नाकावर धडकत नाही. आता साप काय सांगतो ते बघा. जीभ सावकाश लांब बाहेर येते आहे, डोकं उंदराच्या हालचालीबरोबर वळतं आहे, मान मागे जाऊन इंग्रजी एसच्या आकारात गोळा होते आहे: हात स्थिर ठेवा, श्वासही धरा. जीभ भराभर आणि छोटी फेकतो आहे, मान मागे घेतो आहे, पण नजर तुमच्या हाताकडे आहे: तो घाबरला आहे, मागे व्हा. चेंडू झाला तर त्या रात्री चिमट्याचा खेळ संपला.

झडप घातली की चिमटा सोडा आणि पुतळा व्हा. मेलेल्या उंदरालाही तो आवळतो, दहा-पंधरा मिनिटं सोडत नाही. या वेळी झाकण लावणं, फोटो काढणं, दिवा लावणं यातलं काहीही केलं तर बुजरा साप उंदीर टाकून देतो. टाकला तर उचलू नका, तसाच राहू द्या, बऱ्याचदा पहाटेपर्यंत संपलेला असतो.

चिमट्यातून पाच-सात मिनिटांत घेतला नाही तर उंदीर लपणाच्या दाराशी, डोकं आतल्या दिशेला करून ठेवा, जाड कागदाच्या तुकड्यावर, म्हणजे त्याला कोकोपीट चिकटणार नाही. दिवा बंद, दार बंद. लाजऱ्या सापांत हा मार्ग चिमट्यापेक्षा जास्त चालतो, आणि तरीही लोक तो शेवटी वापरतात. सकाळी न खाल्लेला उंदीर फेकून द्या, परत फ्रीजरमध्ये नाही. उन्हाळ्यात सहा तासांच्या वर ठेवू नका. मुंग्यांसाठी पेटीच्या स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा, पूर्वी दुभत्याच्या कपाटाला ठेवायचे तसे. मुंग्या उंदरावर चढल्या तर त्या सापालाही चावतात.

पुन्हा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. मोठ्या सापाला चौदा. दर दुसऱ्या दिवशी उंदीर दाखवणं ही उपास लांबवण्याची खात्रीची युक्ती आहे.

तरीही नाही घेतला तर

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

रॅट नको म्हणतो त्याला माऊस, माऊस नको म्हणतो त्याला रॅटचं पिल्लू. आधीच्या मालकाकडे तो काय खात होता ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. रॅटवर माऊसचा वास चढवायचा तर माऊसच्या पिंजऱ्यातला मूठभर भुसा झिपच्या पिशवीत घालून उंदीर त्यात घोळवा आणि गरम करताना तसाच राहू द्या. निसर्गात बॉल पायथनची लहान पिल्लं आणि नर साप पक्षी जास्त खातात, त्यामुळे एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाची लव उंदराच्या नाकाला चोळणं कित्येकदा चालून जातं. पोल्ट्रीच्या हॅचरीत मेलेली पिल्लं मिळतात, पण ती फक्त वासापुरती ठेवा. सवय लागली तर साप उंदीर सोडून देतो आणि शौच पातळ होतं.

उंदराच्या कवटीला जाड सुईनं भोक पाडून मेंदूचा थेंब नाकावर आणणं हा जुना आणि लागू पडणारा उपाय. किळसवाणा आहे, पण हट्टी पिल्लाला यानंच तोंड फुटतं.

पिल्लासाठी आणखी एक. दोन लिटरचा झाकणाचा डबा, बाजूला बारीक भोकं, तळाला टिश्यू पेपर. संध्याकाळी पिल्लू आणि डोळे न उघडलेलं किंवा मेलेलं उंदराचं पिल्लू एकत्र आत ठेवा, डबा पेटीत २८-३० अंशांच्या जागी, वरून फडकं. डबा थेट हीट मॅटवर नको, आत पळायला जागा नाही. सकाळपर्यंत बघू नका. अंगाला टेकलेल्या भिंती आणि नाकाशी असलेला वास यांत बऱ्याच पिल्लांचं पहिलं जेवण होतं.

तोंड उघडून भरवणं घरी करू नका. जबडा नाजूक असतो, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं आणि एकदा जबरदस्ती झाली की साप चिमटा बघूनच पळतो.

डॉक्टरकडे कधी

तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून बुडबुडे, शिट्टीसारखा आवाज: छातीचा संसर्ग, न थांबता दाखवा. हिरड्यांवर पिवळट चीजसारखा थर, तोंड नीट मिटत नाही: तोंडाचा संसर्ग, याला खाताना दुखतं. खवल्यांच्या कडेला, डोळ्याभोवती खसखशीएवढे काळे ठिपके हलत असतील किंवा साप दिवसरात्र पाण्यात पडून असेल तर गोचिडासारखे माइट्स. पांढऱ्या टिश्यूवरून साप फिरवला की ते दिसतात. दोनदा लागोपाठ ओकला, मान आकाशाकडे वाकडी होऊन राहते, उताणा केला तर सरळ होत नाही, यातलं काहीही असलं तरी उशीर नको.

मराठवाड्यात साप बघणारे खासगी डॉक्टर थोडे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आधी फोन करून विचारा. नेताना साप सुती पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या भोकं पाडलेल्या खोक्यात, आणि ताजी विष्ठा असेल तर बंद डबीत बरोबर. वजनांची वही न्या, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

खाल्ल्यावर

४८ तास हात लावायचा नाही. ओकला तर १० ते १४ दिवस काहीच देऊ नका, फक्त पाणी आणि बरोबर तापमान, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर.

पहिल्या यशानंतर लगेच मोठा उंदीर देण्याचा मोह होतो. लागोपाठ तीन जेवणं त्याच आकाराची, त्याच वेळी, त्याच पद्धतीनं द्या. दाराशी ठेवून खाल्ला असेल तर दाराशीच ठेवा, चिमट्याची सवय नंतर. तिसऱ्यानंतर आकार पाच-सात ग्रॅमनी वाढवा. वहीत तारीख, उंदराचं वजन, खोलीचं तापमान आणि घेतला-नाही घेतला एवढं लिहा. मृग निघून हवा ओलसर झाली की पावसाळाभर पेटीही सहज जुळते आणि साप भराभर खातो. वजन भरून काढायचं ते याच चार महिन्यांत, कारण दिवाळीनंतर तो पुन्हा तोंड फिरवणार आहे.